युरोपात रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटं?

ठाणे स्टेशनात पास म्हटला की एकच अर्थ होतो. तीन महिन्यांचे पैसे एकदा भरायचे आणि मग येईल ती लोकल पकडायची. हीच सवय डोक्यात ठेवून कोणी युरोपचा पास घेतला, की पहिला फटका पॅरिसच्या फलाटावर बसतो. मोबाईलमध्ये तीस-चाळीस हजारांचा पास असतो आणि समोरचा माणूस शांतपणे सांगतो की या गाडीला जागेचं आरक्षण लागतं आणि आज पासवाल्यांच्या जागा संपल्या.

म्हणून लोकल विसरा आणि डेक्कन क्वीन आठवा. तिला पासधारकांचा डबा वेगळा असतो. खिशात पास आहे म्हणून कोणी आरक्षित डब्यात खिडकीशी जाऊन बसत नाही. युरोपातला पास म्हणजे भाडं भरल्याची पावती. जागेचा मामला वेगळा. काही देशांत जागा मागावीच लागत नाही, काही देशांत ती वेगळे पैसे भरून घ्यावी लागते, आणि तीही पासवाल्यांसाठी मोजकीच ठेवलेली असते. पास परवडेल की नाही, हे निम्मं इथेच ठरतं. उरलेलं निम्मं ठरतं तुमच्या तारखा किती पक्क्या आहेत यावर, आणि त्या तारखा आपल्या बाबतीत व्हिसाच्या हातात असतात.

आपल्यासाठीचा पास कोणता

भारतात राहणाऱ्यांसाठी युरेल. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत, राहता कुठे हे बघतात. खारघरची मुलगी म्युनिकमध्ये एमएस करत असेल तर तिला इंटररेल घ्यावा लागेल आणि तिला भेटायला जाणाऱ्या आई-बाबांना युरेल. एकाच गाडीत शेजारी बसले तरी पास दोन निराळे. फरक नुसता नावाचा नाही. इंटररेलवर स्वतःच्या राहत्या देशात फक्त बाहेर पडण्याचा एक आणि परतण्याचा एक असे दोनच प्रवास मिळतात. आई-बाबांना अशी अडकाठी नाही, ते जर्मनीतल्या जर्मनीतही पासावर हिंडू शकतात.

युरेल ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात ठरावीक दिवस मिळतात: एका महिन्यात ४, ५ किंवा ७ दिवस, नाहीतर दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस. हे दिवस सलग असण्याची गरज नाही, हवे तेव्हा वापरायचे. दुसरा प्रकार सलग पासाचा, १५ दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. दोन-तीन आठवड्यांच्या कौटुंबिक सहलीला सलग पास सहसा अंगावर येतो, कारण रोमला तीन दिवस पायी फिरताना पासाचे तीन दिवस फुकट जातात. ठरावीक दिवसांचाच घ्या, आणि त्यातही ५ दिवसांचा आधी तपासा.

वयाची सवलत पास सुरू होण्याच्या दिवशीच्या वयावर मिळते. १२ ते २७ वर्षांना साधारण २५ टक्के, ६० आणि त्यापुढे १० टक्के. ४ ते ११ वर्षांच्या मुलांना पास फुकट, पण एका मोठ्या माणसामागे दोनच मुलं, आणि फुकट असला तरी मुलाचा पास मागवावा लागतो. मुलगी निघायच्या आधीच्या आठवड्यात १२ वर्षांची होत असेल तर तिचा पास विकत घ्यावा लागेल. हे सहलीच्या तारखा ठरवतानाच लक्षात आलेलं बरं.

पहिला वर्ग की दुसरा, यावर घरोघर चर्चा झडते. सकाळी साडेआठची फास्ट लोकल ज्यांनी सोसली आहे त्यांना तिकडचा दुसरा वर्ग पहिल्या वर्गासारखाच वाटेल. पाव ते तिसरा हिस्सा जास्त मोजून पहिला वर्ग घ्यायला एजंट आग्रह करतात, त्यांचा आग्रह त्यांच्यापाशी राहू द्या.

आरक्षण कुठे लागतं

फ्रान्स, इटली आणि स्पेन एका बाजूला ठेवा. या तीन देशांतल्या वेगवान गाड्यांना आरक्षण सक्तीचं असतं. फ्रान्सच्या आतल्या आत धावणाऱ्या टीजीव्हीला पासवर जागेचे माणशी १० किंवा २० युरो पडतात, इटलीतल्या फ्रेच्चारोसाला १० ते १५, आणि लंडन-पॅरिस युरोस्टारला ३० युरोच्या आसपास. हे दर बदलतात, पण अंदाज यायला पुरेसे आहेत. पैशांपेक्षा मोठी अडचण जागांची. टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांचा कोटा लहान असतो. गाडी अर्धी रिकामी असली तरी कोटा संपला की संपला, मग पूर्ण तिकीट काढा नाहीतर दुसरी गाडी बघा.

शिवाय सगळ्या कंपन्या पास मानत नाहीत. इटलीत इतालो, फ्रान्समध्ये विगो आणि स्पेनमध्ये इर्यो या गाड्यांवर पास चालत नाही. आणि स्वस्त तिकिटं नेमकी याच कंपन्या विकतात. माद्रिद-बार्सिलोना हा अडीच तासांचा प्रवास. तिथे तीन कंपन्यांची चढाओढ आहे आणि आधी काढलेलं तिकीट पासाच्या एका दिवसापेक्षा सहसा स्वस्त पडतं. नुसत्या स्पेनच्या सहलीसाठी पास घेणं म्हणजे हातचं सोडणं.

दुसऱ्या बाजूला जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, बेल्जियम. देशांतर्गत गाड्यांना बहुतेक ठिकाणी आरक्षण सक्तीचं नाही. म्युनिक-व्हिएन्ना असो की हॅम्बुर्ग-बर्लिन, पास दाखवा आणि रिकाम्या जागेवर बसा. जागेच्या वरच्या पाटीवर किंवा बाजूला दोन गावांची नावं झळकत असतील तर तेवढ्या टप्प्यासाठी ती जागा कोणाची तरी आहे असं समजायचं. कुटुंब चौघांचं असेल आणि शुक्रवार संध्याकाळ असेल तर जर्मनीत पाचेक युरो माणशी टाकून जागा राखून ठेवा. चौघं चार डब्यांत बसण्यापेक्षा ते परवडतं.

सीमा ओलांडणाऱ्या गाड्यांचा नियम या दोन गटांत बसत नाही. जर्मनीची वेगवान आयसीई गाडी फ्रान्समध्ये शिरते तेव्हा आरक्षण लागतं. स्वित्झर्लंडहून मिलानला जाणाऱ्या युरोसिटीलाही लागतं. रात्रीच्या नाइटजेट गाड्यांत बैठक, बर्थ किंवा केबिन, काहीही घ्या, पासवर वेगळे पैसे भरावेच लागतात. गाडीगणिक खात्री करायला जर्मन रेल्वेचं डीबी नॅव्हिगेटर अॅप उत्तम, त्यात जवळजवळ अख्ख्या युरोपचं वेळापत्रक दिसतं आणि आरक्षण सक्तीचं असेल तर गाडीखाली तसं लिहिलेलं असतं. युरेलच्या रेल प्लॅनर अॅपमध्ये तर सक्तीच्या आरक्षणाच्या गाड्या गाळून टाकायची सोय आहे. ती लावून एकदा आपला मार्ग शोधा. सगळे प्रवास तरीही सापडले तर पास तुमच्यासाठी आहे. निम्मे गायब झाले तर नाही.

आधी व्हिसा की आधी तिकीट

इथे आपली गोष्ट तिकडच्या लोकांपेक्षा वेगळी होते, आणि परदेशी सल्ल्यात ही अडचण नसतेच.

स्वस्त तिकिटं साधारण तीन ते सहा महिने आधी विक्रीला येतात आणि जसजशा जागा भरतात तसतसं भाडं चढतं. मे महिन्याच्या सुटीतलं चांगलं भाडं जानेवारी-फेब्रुवारीत दिसतं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निकालाला १५ दिवस लागतात आणि ते ४५ पर्यंत लांबू शकतात. पण अडतं ते मुंबईच्या केंद्रावर तारीख मिळण्यावर. मुलांच्या परीक्षा, ऑफिसची रजा, विमानाचं भाडं बघत बघत अर्ज मार्चमध्ये जातो आणि व्हिसा एप्रिलच्या मध्यावर हातात पडतो. तोवर पॅरिस-बाझेलचं भाडं दुप्पट-तिप्पट झालेलं असतं. आणि जानेवारीतच सगळ्यात स्वस्त तिकीट काढून ठेवावं तर ते परत होत नाही. व्हिसा नाकारला किंवा आठवडाभर पुढे सरकला तर पैसे गेले.

पास इथे विम्यासारखा उपयोगी पडतो. घेतल्यापासून ११ महिन्यांच्या आत तो सुरू करायचा असतो, आणि सुरू न केलेला पास काही टक्के कापून परत करता येतो. सवलतीच्या काळात घेतलेल्या पासाच्या अटी मात्र वेगळ्या असू शकतात, पैसे भरण्याआधी तेवढं पान वाचा. व्हिसा लवकर हातात येणार असेल, किंवा पासपोर्टवर अजून चालू असलेला लांब मुदतीचा शेंगेन असेल, तर हा विमा घ्यायचं कारण उरत नाही.

मधला मार्गही आहे. जर्मन रेल्वेच्या स्वस्त तिकिटांत दोन पायऱ्या आहेत: सुपर श्पारप्राइस अजिबात परत होत नाही, पण श्पारप्राइस १० युरो कापून रद्द होतं आणि उरलेले पैसे व्हाउचरच्या रूपात मिळतात. दोघांच्या भाड्यात फार फरक नसतो. व्हिसा यायचा असेल तर दुसरं घ्या. इटलीतही सुपर इकॉनॉमी सोडून वरचा प्रकार घेतला की बदल करायला वाव राहतो.

विमानाची आणि हॉटेलची आरक्षणं व्हिसासाठी दाखवावी लागतात, त्यामुळे लोक घाईघाईत रेल्वेचीही तिकिटं काढून टाकतात. दोन शहरांमध्ये रेल्वेने जाणार हे प्रवासाच्या आराखड्यात गाडीच्या वेळेसह लिहिलं तरी सहसा भागतं. परत न होणारं तिकीट नुसतं अर्जासोबत जोडायला म्हणून काढू नका.

वहीत मांडायचा हिशेब

वहीचं एक पान घ्या. डावीकडे प्रवास लिहा, एका ओळीत एकच. पुढे तीन रकाने: आज दिसणारं सुटं भाडं, ऐन वेळचं पूर्ण भाडं, आणि पास असेल तर जागेचे पैसे. पूर्ण भाडं कळायला उद्याची तारीख टाकून बघा, तेच साधारण ऐन वेळचं. एका युरोला १०० रुपये धरले की तोंडी हिशेब सोपा पडतो.

नौपाड्यातलं एक जोडपं धरू, नेहमीची सहल: पॅरिसहून बाझेलमार्गे इंटरलाकेन, तिथून मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. प्रवासाचे दिवस पाच. पुढचे आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, पण जवळपास असेच निघतात. एका माणसासाठी:

पॅरिस–इंटरलाकेन: आधी ८०, ऐन वेळी १९०, पासवर जागा ३०.
इंटरलाकेन–मिलान: ४५, ८०, १०.
मिलान–व्हेनिस: २५, ५०, १३.
व्हेनिस–फ्लॉरेन्स: ३०, ६०, १३.
फ्लॉरेन्स–रोम: ३०, ६०, १३.

बेरीज: आधी काढली तर २१०. ऐन वेळी ४४०. पाच दिवसांचा पास ३२५ च्या आसपास धरा, त्यात जागांचे ७९ मिळवा, झाले ४०४. म्हणजे आधी तिकिटं काढता येत असतील तर पासामागे माणशी १९४ युरो जादा जातात, दोघांचे जवळपास ३९ हजार रुपये. आणि सगळं ऐन वेळी केलं तरी पासाने वाचतात जेमतेम ३६. या मार्गाला पास नको. नीट पाहिलं तर महाग ओळ एकच आहे, पहिली. तिच्यापुरतं तिकीट व्हिसा आल्याच्या दिवशी काढा. इटलीतली तिकिटं आठवडाभराने काढली तरी आभाळ कोसळत नाही.

आता दुसरं पान. वाशीचे आई-बाबा, वय ६४ आणि ६२, म्युनिकला लेकाकडे उतरणार. मार्ग: म्युनिक–व्हिएन्ना, व्हिएन्ना–प्राग, प्राग–बर्लिन, बर्लिन–ॲमस्टरडॅम, ॲमस्टरडॅम–फ्रँकफुर्ट. लेकाला सुटी कधी मिळेल ते आदल्या आठवड्यापर्यंत कळणार नाही. ज्येष्ठांचा पाच दिवसांचा पास २९० च्या आसपास, म्हणजे दिवसाला ५८ युरो. बर्लिन–ॲमस्टरडॅमचं ऐन वेळचं पूर्ण भाडं एकट्यानेच दोन-अडीच दिवसांचा पास वसूल करतं. जागेचे पैसे जवळजवळ नाहीतच. इथे पास डोळे मिटून घ्यावा.

शिवाय पासाचा दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र, त्यात गाड्या कितीही. सकाळी म्युनिकहून निघा, साल्झबुर्गला उतरून सामान स्टेशनातल्या लॉकरमध्ये टाका, चार तास गावात फिरा आणि संध्याकाळच्या गाडीने व्हिएन्ना गाठा. प्राग–बर्लिनच्या मध्ये ड्रेस्डेन आहे, तिथेही तसंच. दोन्ही वेळी पासाचा एकेकच दिवस खर्ची पडतो. गाडीला बांधलेल्या स्वस्त तिकिटावर अशी उतरचढ करायची तर ती आधीच ठरवून तिकिटात घालावी लागते.

पहिल्या पानावर घालायला आणखी एक गोष्ट: लहान प्रवास पासात धरू नका. फ्लॉरेन्स–पिसा, ॲमस्टरडॅम–हार्लेम, असल्या जवळच्या गाड्यांची तिकिटं तिथल्या तिथे काढा. १०-१२ युरोच्या प्रवासावर ६० युरोचा दिवस जाळला की सगळा हिशेब उलटतो. पासवाल्यांची सगळ्यात मोठी चूक हीच.

स्वित्झर्लंडचं पान वेगळं

इथे युरेलला दोन स्थानिक प्रतिस्पर्धी आहेत आणि दोन्ही बहुतेक वेळा त्याला मागे टाकतात.

स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्यात रेल्वेसोबत पिवळ्या पोस्टबस, तलावांतल्या बोटी, ९० हून अधिक गावांतल्या ट्राम-बस आणि पाचशेच्या वर संग्रहालयं येतात. रिगीचा डोंगर पूर्ण फुकट. टिटलिसला निम्मं भाडं. युंगफ्राउयोखला मात्र वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंतच पास चालतो, त्यापुढे २५ टक्के सवलत. तीन दिवसांचा पास अडीचशे फ्रँकच्या घरात जातो.

दुसरं स्विस हाफ फेअर कार्ड. एका महिन्याची मुदत, आणि जवळजवळ सगळ्या रेल्वे, बस, बोटी, रोपवे निम्म्या भाड्यात. युंगफ्राउयोखलाही निम्मं. मेख इथेच आहे. उन्हाळ्यात त्या एका डोंगराचं जाण्यायेण्याचं पूर्ण भाडं दोनशे फ्रँकच्या वर जातं, म्हणजे एकाच फेरीत शंभरावर फ्रँक वाचले आणि कार्डाची किंमत जवळजवळ वसूल. इंटरलाकेन किंवा लुत्सर्नला मुक्काम करून युंगफ्राउ आणि टिटलिस करणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांना हाफ फेअर कार्डच स्वस्त पडतं. रोज गाव बदलणार, बोटीत बसणार, रिगीला जाणार, तर ट्रॅव्हल पास.

कोणतंही घ्या, सोबत फॅमिली कार्ड मागा. ते फुकट असतं आणि त्यावर ६ ते १५ वर्षांची मुलं आई-वडिलांसोबत मोफत फिरतात. मागितलं नाही तर कोणी आपणहून देईलच असं नाही.

बर्निना एक्स्प्रेस आणि ग्लेशियर एक्स्प्रेस या मोठ्या काचांच्या गाड्यांना पास असला तरी आरक्षण लागतं. बर्निनाच्या त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात, तोच घाट, तीच हिमनदी, आरक्षणाचा खर्च शून्य. वर त्यांच्या काही खिडक्या उघडतात, फोटोला काचेची चमक आड येत नाही.

जर्मनीतही असा एक घरगुती मार्ग आहे. बायर्न-तिकीट नावाचं एका दिवसाचं तिकीट बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथल्या, सगळ्या प्रादेशिक गाड्यांत पाच जणांपर्यंत चालतं. सोम ते शुक्र सकाळी नऊनंतर, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनही त्यात धरलेलं आहे. पहिल्या माणसाचं भाडं आणि पुढे दर माणशी थोडी भर, त्यामुळे चौघांना म्युनिकहून फ्युसेनला, म्हणजे नॉयश्वानश्टाइनच्या किल्ल्याखाली, जाऊन यायला यापेक्षा स्वस्त काही नाही. तिकिटावर सगळ्यांची नावं लिहायची असतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही. चुकून चढलात तर विनातिकीट.

पास मोबाईलवर कसा चालवायचा

पास ईमेलने येतो, त्यातला क्रमांक रेल प्लॅनर अॅपमध्ये टाकायचा. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच भरा; आडनाव आणि नाव उलटं पडलं तर तपासनीसासमोर वाद होतो. पास सुरू करताना पहिली तारीख आणि पासपोर्ट क्रमांक विचारला जातो. ही तारीख पुढची टाकता येते, पण सुरू केलेला पास परत करताना अडचण येऊ शकते, म्हणून ठाण्याहून निघताना कौतुकाने सुरू करून ठेवू नका. पहिल्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी, हॉटेलच्या वायफायवर, तेव्हाच करा.

मग प्रत्येक गाडीसाठी: मार्ग शोधा, गाडी निवडा, ती आपल्या सहलीत घाला, आणि तिच्यासमोरचं बटण सरकवून पासाला जोडा. दिवसाची पहिली गाडी जोडताना अॅप विचारतं, आजचा प्रवासाचा दिवस वापरायचा का? हो म्हटलं की त्या दिवसाच्या तिकिटाचा क्यूआर कोड उघडतो. गाडीत बसण्याआधी हे झालेलं हवं. नुसता पास आहे पण गाडी जोडलेली नाही, तर तपासनीसाच्या लेखी ते तिकीट नाही, आणि पूर्ण भाडं दंडासह भरावं लागू शकतं. स्क्रीनशॉट चालत नाही. अॅपला निदान तीन दिवसांतून एकदा इंटरनेट लागतं. पॉवरबँक खिशात ठेवा आणि पासपोर्ट हाताशी. दोन्ही बॅगेच्या तळाशी असले की तपासनीस समोर उभा असताना अख्खी बॅग डब्यात उपसावी लागते.

एका मोबाईलमध्ये घरातल्या सगळ्यांचे पास घालता येतात. सोयीचं आहे, पण बाबा मुलांना घेऊन दुपारच्या गाडीने आणि आई संध्याकाळच्या गाडीने असं ठरलं तर मोबाईल एकाच गाडीत जाणार. मोठ्यांचे पास ज्याच्या त्याच्या मोबाईलवर ठेवा.

रात्रीच्या गाडीत मध्यरात्रीपूर्वी बसलात आणि सकाळपर्यंत तिच्यातच राहिलात तर सुटण्याचा एकच दिवस मोजला जातो. सकाळी उतरून पुढची गाडी पकडली की दुसरा दिवस लागला.

शहरातली मेट्रो आणि ट्राम पासात नसते. जर्मनीत एस-बान, म्हणजे तिकडची लोकल, चालते, कारण ती रेल्वेची. यू-बान, म्हणजे मेट्रो, चालत नाही.

सुटी तिकिटं काढताना

शहरांची नावं तिकडची टाका: फ्लॉरेन्सचं फिरेंत्से, व्हेनिसचं वेनेत्सिया, व्हिएन्नाचं वीन, प्रागचं प्राहा, म्युनिकचं म्युन्शेन, कोलोनचं क्योल्न. व्हेनिसला दोन स्टेशनं आहेत. मेस्त्रे मुख्य भूमीवरचं, सांता लुचिया कालव्यांच्या काठचं. हॉटेल कुठे आहे ते बघून तिकीट काढा, नाहीतर दादरला उतरायचं आणि तिकीट कुर्ल्याचं, अशी गत. पॅरिसला तर सात मोठी टर्मिनस आहेत. स्वित्झर्लंडची गाडी गार द ल्यॉनहून सुटते, लंडन आणि ॲमस्टरडॅमची गार द्यू नॉरहून. मधे मेट्रोचा प्रवास सामानासकट आहे, तासभर राखून ठेवा. लंडनच्या गाडीला त्याशिवाय पासपोर्ट तपासणी असते, आणि ब्रिटनचा व्हिसा शेंगेनपेक्षा वेगळा.

गाडी बदलायची असेल तर शक्यतो एकच सलग तिकीट काढा. जर्मनीत पोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की स्वस्त तिकिटाचं गाडीचं बंधन सुटतं आणि पुढची कुठलीही गाडी पकडता येते. दोन तुकडे वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतले असतील आणि पहिली गाडी रखडली, तर दुसरं तिकीट सहसा वाया जातं. तुकडेच पाडायचे तर मधे तासाभराचं अंतर ठेवा. युरोपीय संघाच्या नियमाने एक तास ते दोन तासांच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांच्या पुढे ५० टक्के परत मागता येतात. त्यासाठी तिकिटाची पीडीएफ जपून ठेवा.

इटलीतल्या प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, आधी काढून काही वाचत नाही. स्टेशनात काढलेलं कागदी तिकीट मात्र चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात घालून छापून घ्यायचं. तिकीट विकत घेऊनही दंड होतो तो इथे.

मुलांचं भाडं देशागणिक बदलतं. जर्मनीत १४ वर्षांपर्यंतची मुलं लांबच्या गाड्यांत मोठ्यांसोबत मोफत जातात, पण ६ वर्षं आणि त्यापुढच्या मुलाची नोंद तिकीट काढतानाच करावी लागते, गाडीत बसल्यावर नाही.

पैसे भरण्याचा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि अडतं ते इथेच. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू करा आणि मर्यादा वाढवा. नव्या कार्डावर तो बंद असतो. परकीय चलनावर बँक साधारण २ ते ३.५ टक्के लावते, त्यावर जीएसटी. काही संकेतस्थळांवर भारतीय कार्ड पहिल्या खेपेला नाकारलं जातं. तेव्हा लगेच पाच वेळा दाबत बसू नका, दुसरं कार्ड वापरा किंवा त्याच गाडीचं तिकीट सीमेपलीकडच्या रेल्वेच्या संकेतस्थळावर बघा. पॅरिस–झुरिक फ्रेंच रेल्वेकडे मिळतं तसं स्विस रेल्वेकडेही मिळतं, आणि भाव दोन्हीकडे एकच असेल असं नाही. तिकडे गेल्यावर तिकीट काढायचं असेल तर ओटीपी येणारं सिम रोमिंगवर चालू ठेवा. ते घरी काढून ठेवून गेलात तर कार्डात पैसे असूनही तिकीट निघत नाही.